कान आणि कांटा : वाहनांच्या गोंगाटाच्या कायद्याची हकीकत

मोटारसायकल महाराष्ट्रांत आली तेव्हां लोकांनीं तिला जें नांव दिलें तें तिच्या चाकांवरून नव्हे, वेगावरूनहि नव्हे, तर तिच्या आवाजावरून दिलें. ‘फटफटी’ हा शब्द कोणा कोशकारानें घडविला नाहीं. तो रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या माणसाच्या कानानें घडविला. जो तिच्यावर बसला आहे त्याला ती वाहन आहे. जो घरांत दुखण्यानें अंथरुणावर पडला आहे त्याला ती केवळ आवाज आहे. या दोघांमध्यें कायद्यानें निवाडा करावयाचा तर साक्ष कोणाची घ्यावयाची? कानाची घ्यावी, तर कान हा पक्षपाती साक्षीदार; स्वतःच्या गाडीचा आवाज त्याला गोड लागतो व शेजाऱ्याच्या गाडीचा कर्कश. यंत्राच्या कांट्याची घ्यावी, तर कांटा निःपक्षपाती खरा, पण तो जेथें ठेवावा तेथलेंच सांगतो. गेल्या सव्वाशे वर्षांत कायदा कानाकडून कांट्याकडे कसा गेला, आणि जातांना त्यानें काय मागें टाकलें, हें पाहण्याचा या लेखाचा हेतु आहे.

तक्रार मोटारीपेक्षां पुष्कळ जुनी आहे. इ. स. पूर्व ४५ च्या सुमाराच्या, जुलियस सीझरच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या कायद्यानें रोम शहरांत सूर्योदयापासून दिवसाच्या दहाव्या तासापर्यंत मालगाड्यांस बंदी करण्यांत आली. हेतु दिवसाची गर्दी मोडण्याचा होता. परिणाम असा झाला कीं सगळ्या गाड्या रात्रीं येऊं लागल्या, आणि दीड शतकानें जुव्हेनल या उपहासकवीनें आपल्या तिसऱ्या काव्यांत लिहिलें कीं रोममध्यें आजारी माणसें मरतात तीं मुख्यतः झोंप न मिळाल्यानें. गोंगाट नाहींसा न करतां त्याची वेळ तेवढी बदलण्याचा कायद्याचा हा पहिला पराक्रम होय. शेवटचा मात्र नव्हे.

मोटारीचा कायदेशीर जन्म ज्या देशांत सर्वांत अधिक वादविवादानें झाला तो इंग्लंड. तेथें १८६५ च्या कायद्यानें यांत्रिक वाहनापुढें तांबडें निशाण घेतलेला माणूस चालविण्याची सक्ति केली होती, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक आहे. १८९६ च्या कायद्यानें हलक्या मोटारींस त्या जाचांतून मुक्त केलें, आणि त्याच कायद्यानें त्यांवर घंटा किंवा आपलें येणें पुरेसें ऐकूं जाईल असें एखादें साधन बाळगण्याची सक्ति केली. म्हणजे मोटारीच्या आवाजाविषयीं कायद्याची पहिली आज्ञा ‘आवाज कमी कर’ अशी नसून ‘आवाज कर’ अशी होती! यांत नवल कांहीं नाहीं. रस्ता तेव्हां घोड्यांचा व पायीं चालणारांचा होता, आणि मुकाट्यानें अंगावर येणाऱ्या यंत्राची भीति त्यांस अधिक वाटे. भोंगा वाजवून आपला मार्ग मोकळा करणें हा आपला हक्क आहे ही जी समजूत चालकांच्या मनांत आजहि घट्ट बसलेली दिसते, तिचें मूळ आमच्या मतें या जुन्या आज्ञेंत आहे.

भोंग्याहून निराळा आवाज इंजिनाचा. नळकांड्यांत स्फोट होऊन तापलेला वायु दाबाखालीं असतांनाच झडपेंतून बाहेर सुटतो, तोच तो ‘फट्’ आवाज. या वायूस एकदम मोकळ्या हवेंत न सोडतां एका डब्यांतील कप्प्यांतून व भोंकें पाडलेल्या नळ्यांतून फिरवीत नेलें म्हणजे त्याचा दाब हळूहळू उतरतो व आवाज मंदावतो. हाच सायलेन्सर. ज्या हायरम मॅक्सिमनें मशीनगन शोधून काढली व तिच्या आवाजानें स्वतःचे कान गमावले, त्याच्याच पुत्रानें, हायरम पर्सी मॅक्सिमनें, १९०९ सालीं बंदुकीच्या सायलेन्सरचें पेटंट घेतलें, आणि इंजिनांसाठींहि तसेच सायलेन्सर तयार केले. बापानें बिघडविलेलें पोरानें सुधारलें असें क्वचित् घडतें, म्हणून येथें नमूद केलें. परंतु सायलेन्सरमध्यें इंजिनाची थोडी शक्ति खर्च होते. म्हणून त्या काळच्या मोटारींत ‘कट-आउट’ नांवाची एक झडप असे. चालकानें खटका दाबला कीं वायु सायलेन्सर टाळून सरळ बाहेर पडे, आणि गाडी थोड्या अधिक जोरानें व पुष्कळ अधिक आवाजानें चढावर चढे. ही झडप चढापुरती ठेवलेली. पण ती सपाट रस्त्यावरहि उघडी राही, हें सांगावयास नको. १९१२ सालीं इंग्लंडांत सरकारी हुकूम निघून कट-आउट वापरण्यास मनाई झाली. हल्लीं आपल्याकडे ज्यास ‘पुंगळी काढणें’ म्हणतात तो या कट-आउटचाच वंशज आहे. फरक इतकाच कीं कट-आउट बंद करतां येत असे.

येथें ब्रुकलंड्सची हकीकत थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे, कारण आवाजाविरुद्ध शेजाऱ्यांनीं मिळविलेला तो एक मोठा विजय आहे. लंडनच्या नैऋत्येस वेब्रिजजवळ ह्यू लॉक किंग या जमीनदारानें आपल्या मालकीच्या जागेंत मोटारींच्या शर्यतींसाठीं एक भव्य सिमेंटी चक्रमार्ग बांधला, तो जून १९०७ मध्यें उघडला. उद्घाटनास दोन आठवडे होतात न होतात तोंच एस्. एफ्. एज या गृहस्थानें आपली नेपियर मोटार तेथें चोवीस तास एकसारखी चालवून पंधराशें मैलांहून अधिक अंतर तोडलें. रात्रभर मार्गाच्या कडेनें कंदील ठेवलेले होते. विक्रम झाला, पण त्या रात्रीं आसपासच्या घरांत कोणास झोंप लागली नाहीं. तक्रारींचा असा गहजब उडाला कीं ब्रुकलंड्सवर रात्रीं गाडी चालविणें कायमचें बंद झालें. पुढें १९२९ मध्यें जेव्हां तेथें चोवीस तासांची शर्यत भरवावयाची आली तेव्हां ती बारा बारा तासांचे दोन दिवस अशी करावी लागली. रात्रीं गाड्या कुलुपांत बंद. त्या शर्यतीस ‘दुहेरी बारा’ असेंच नांव पडलें. मध्यंतरीं १९२४ च्या सुमारास रहिवाशांनीं न्यायालयाचा दरवाजा ठोठावला आणि मार्गाच्या चालकांस प्रत्येक गाडीस, मोटारसायकलीसुद्धां, ठराविक मापाचा मोठा सायलेन्सर बसविण्याची सक्ति करावी लागली. नळकांड्यांच्या आकारमानाच्या कित्येक पट मोठा असा तो डबा, शेवटीं माशाच्या शेपटीसारखें चपटें तोंड असलेला, ‘ब्रुकलंड्स कॅन’ म्हणून प्रसिद्ध आहे. शर्यतवाल्यांनीं आरडाओरड केली कीं आतां वेग संपला. पण वेग संपला नाहीं. त्या डब्यासकट नवे विक्रम होत राहिले. आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं तेथें कोणीं आवाज मोजला नव्हता. डब्याचें माप ठरलें, आवाजाचें नव्हे. आणि तरीहि काम झालें. ज्यांची झोंप गेली त्यांना जागा माहीत होती, मालक माहीत होता, व न्यायालय जवळ होतें.

सार्वजनिक रस्त्यावर यांतलें कांहींच नसतें. गाडी येते, जाते, आणि तिचा मालक कोण हें कळण्याच्या आंत ती पुढच्या वळणावर असते. १९२९ सालीं ब्रिटिश सरकारनें अतिरेकी आवाजाविरुद्ध नियम काढले. गाडींतील बिघाड, दुरुस्तीची हयगय, माल नीट न बांधणें अशा कारणांनीं होणारा अतिरेकी आवाज हा गुन्हा ठरला. परंतु अतिरेकी म्हणजे किती? नियमांत आंकडा नव्हता, कारण रस्त्यावर वापरतां येईल असें सोयीचें माप शिपायाच्या हातीं नव्हतें. म्हणून शिपायाच्या कानास जें अतिरेकी वाटेल तें अतिरेकी. खटला उभा राही तो कांहीं आठवड्यांनीं, एका शांत खोलींत, जेथें तो आवाज न्यायाधीशास ऐकूं येण्याचा संभव नाहीं. शिपाई म्हणे, फार मोठा होता. आरोपी म्हणे, मुळींच नव्हता, व गाडी कारखान्यांतून आली तशीच आहे. हें शेवटचें म्हणणें पुष्कळदां खरेंहि असे. आवाज करणारी गाडी विकणारा मोकळा आणि विकत घेणारा गुन्हेगार, हा अन्याय मोटारसायकलस्वारांस सलत असल्यास त्यांत नवल नाहीं.

कांटा आला तो टेलिफोनच्या धंद्यांतून. तारेवरून जातांना आवाज किती क्षीण होतो हें मोजण्यासाठीं अमेरिकेंतील बेल कंपनीच्या संशोधकांनीं १९२० नंतरच्या दशकांत एक परिमाण ठरविलें, आणि ग्रॅहॅम बेलच्या स्मरणार्थ त्यास डेसिबल हें नांव दिलें. हें परिमाण तराजूसारखें सरळ चढत नाहीं, आणि येथेंच सामान्य माणसाची फसगत होते. तीन डेसिबलांची वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दुप्पट. दहा डेसिबलांची वाढ म्हणजे दसपट. एका फटफटीचा आवाज ८० असेल तर तशाच दोहोंचा मिळून १६० नव्हे, ८३ होतो. उलट ९० डेसिबलांची एक फटफटी म्हणजे ८० डेसिबलांच्या दहा फटफट्या एकाच वेळीं, एकाच जागीं. कायद्यांतील दोन-तीन अंकांचा फरक क्षुल्लक वाटतो तो या हिशेबाच्या अज्ञानामुळें.

जर्मनींत हाइनरिख बार्कहाउझेन यानें १९२६ च्या सुमारास हातांत धरून नेतां येईल असें मापक केलें. त्याची युक्ति गमतीची होती. एका कानाशीं टेलिफोनचा श्रवणयंत्र धरावयाचा, त्यांतील ठराविक सूर कमीअधिक करीत जावयाचें, व दुसऱ्या मोकळ्या कानास ऐकूं येणाऱ्या रस्त्याच्या आवाजाइतका तो वाटला कीं आंकडा टिपून घ्यावयाचा. म्हणजे पहिला कांटासुद्धां वस्तुतः कानच होता. त्याला फक्त मोजपट्टी जोडलेली होती.

न्यूयॉर्कमध्यें या विद्येचा सार्वजनिक उपयोग झाला. तेथें १९०६ मध्यें ज्युलिया बार्नेट राइस या बाईंनीं अनावश्यक गोंगाटाविरुद्ध मंडळी स्थापून रुग्णालयांभोंवतीं शांततेचे टापू करून घेतले होते. तें सगळें काम कानाच्या साक्षीवर झालें. १९२९ मध्यें शहराच्या आरोग्याधिकाऱ्यानें गोंगाट-निवारण मंडळ नेमलें, त्यानें उपकरणें घातलेली एक मोटार शहरभर फिरविली आणि नागरिकांकडून तक्रारी मागविल्या. अकरा हजारांवर उत्तरें आलीं. त्यांत एकतृतीयांशाहून अधिक तक्रारी वाहनांच्या होत्या. मंडळानें आपल्या १९३० च्या अहवालांत असेंहि सांगितलें कीं शहरांत अशीं पुष्कळ ठिकाणें आहेत कीं जेथें बंगालचा वाघ खुशाल डरकाळ्या फोडीत बसला तरी येणाराजाणाराच्या कानीं पडणार नाहीं. अहवाल उत्तम होता. त्यानंतर आर्थिक मंदी आली आणि शहराला दुसऱ्या काळज्या लागल्या.

इंग्लंडांत १९३३ मध्यें लॉर्ड होर्डर या नामांकित वैद्याच्या पुढारीपणाखालीं गोंगाटविरोधी संघ निघाला. पुढच्या वर्षीं वाहतूकमंत्री होअर-बेलिशा यांनीं रात्रीं साडेअकरापासून सकाळीं सातपर्यंत भोंगा वाजविण्यास बंदी केली. प्रथम लंडनच्या मध्यभागीं, मग सर्व वस्तीच्या भागांत. हा नियम तेथें आजहि चालूं आहे, आणि तो टिकला याचें कारण त्याला कांट्याची गरज नाहीं: भोंगा वाजला किंवा नाहीं एवढाच प्रश्न. इंजिनाच्या आवाजाचें तसें नव्हतें. त्यासाठीं त्याच वर्षीं एक समिति नेमली गेली, राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेंत गाड्यांची मोजणी झाली, आणि नव्या गाडीचा आवाज ९० फॉनांच्या वर जाऊं नये अशी शिफारस झाली. फॉन हें कानाच्या संवेदनेशीं जुळवून घेतलेलें परिमाण. तें कायद्यांत येण्यापूर्वीं युद्ध आलें, आणि पुढें वीसएक वर्षें रस्त्यावर पुन्हां शिपायाच्या कानाचेंच राज्य राहिलें.

१९६० मध्यें सर ॲलन विल्सन यांच्या अध्यक्षतेखालीं जी समिति बसली तिचा अहवाल १९६३ सालीं प्रसिद्ध झाला. या सुमारास एक प्रयोग झाला तो आम्हांला या साऱ्या इतिहासांत सर्वांत शहाणपणाचा वाटतो. मोटार-उद्योगाच्या संशोधन संस्थेच्या मार्गाच्या कडेला सामान्य श्रोत्यांची एक पंचायत बसविली; त्यांच्यापुढून निरनिराळ्या मोटारी, लॉऱ्या व मोटारसायकली जाऊं दिल्या; प्रत्येकानें ‘शांत’, ‘चालण्यासारखी’, ‘गोंगाटी’, ‘अतिरेकी’ असा शेरा लिहावयाचा, आणि शेजारीं मापकानेंहि आपला आंकडा लिहावयाचा. दोहोंचा मेळ बराच चांगला बसला. येथें प्रथमच कान व कांटा एका बांकावर बसले, आणि कांट्यास कोणत्या आंकड्यावर ‘अतिरेकी’ म्हणावें हें कानाकडून विचारून घेण्यांत आलें. १९६८ मध्यें ब्रिटनच्या नियमांत डेसिबलांचे आंकडे दाखल झाले.

परंतु आंकडा आला तो आपल्याबरोबर एक विधि घेऊन आला. १९६४ मध्यें आंतरराष्ट्रीय प्रमाण-संस्थेनें मोजणीची पद्धति घालून दिली. मोकळें मैदान, मार्गाच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरांवर, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आंत उंचीवर मापक, गाडीनें ठरलेल्या वेगानें यावें, मापकाच्या दहा मीटर अलीकडे पुरता ‘पेट्रोल’ द्यावा, आणि दहा मीटर पलीकडे जाऊन सोडावा, या वीस मीटरांत जो सर्वांत मोठा आंकडा येईल तो त्या गाडीचा आवाज. युरोपीय समाजानें १९७० मध्यें मोटारींसाठीं ८२ डेसिबल, व १९७८ मध्यें मोटारसायकलींसाठीं इंजिनाच्या आकाराप्रमाणें ७८ पासून ८६ पर्यंत मर्यादा घातली, ती पुढें उतरवीत नेली. यामुळें १९२९ चा अन्याय दूर झाला. आतां जबाबदारी प्रथम कारखानदारावर आली. आजची नवी गाडी पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीपेक्षां पुष्कळ शांत आहे, हें या पद्धतीचें यश नाकबूल करणें अन्यायाचें होईल.

पण परीक्षा ठरलेली असली कीं परीक्षेपुरता अभ्यास करणारे विद्यार्थीहि निघतात. कांहीं मोटारसायकलींच्या सायलेन्सरांत अशी झडप बसूं लागली कीं परीक्षेच्या वेगांत ती मिटलेली असावी व त्या बाहेर गेल्यावर उघडावी. शंभर वर्षांपूर्वींचा कट-आउट परत आला. फक्त आतां तो चालकाच्या हातीं न राहतां गाडीच्या यंत्रबुद्धीच्या हातीं गेला. त्यामुळें परीक्षेबाहेरच्या वेगांसाठींहि पूरक मर्यादा घालाव्या लागल्या. अमेरिकेंत तर निराळाच प्रकार. तेथील संघ-सरकारनें १९८० मध्यें नियम करून १९८६ पासूनच्या रस्त्यावरील मोटारसायकलींस ८० डेसिबलांची मर्यादा घातली, पण त्या नियमाची राखण करणाऱ्या खात्याचा पैसाच १९८२ च्या सुमारास बंद केला. नियम पुस्तकांत राहिला. आणि १९९४ मध्यें हार्ले-डेव्हिडसन कंपनीनें आपल्या इंजिनाच्या आवाजावरच व्यापारचिन्हाचा हक्क मागितला! प्रतिस्पर्ध्यांच्या हरकतींमुळें २००० मध्यें तो अर्ज मागें घेण्यांत आला. ज्या वस्तूस कायदा उपद्रव म्हणून मोजतो तीच वस्तु विकणारास आपली मौल्यवान् मालमत्ता वाटते, याहून चांगला पुरावा कशास पाहिजे?

आतां आपल्याकडे. १९३९ च्या मोटार कायद्यांत प्रांतिक सरकारांस वाहनांचा आवाज कमी करण्याविषयीं नियम करण्याचा अधिकार होता, आंकडा नव्हता. शिपायाचा कान हाच येथेंहि कायदा. १९८८ चा नवा कायदा व १९८९ चे केंद्रीय नियम यांनीं प्रत्येक गाडीस सायलेन्सर आवश्यक केला, कर्कश व अनेकसुरी भोंगे निषिद्ध ठरविले. आणि पर्यावरणाच्या नियमांखालीं कारखान्यांतून निघणाऱ्या दुचाकीस प्रथम ८० डेसिबलांची, नंतर २००५ पर्यंत इंजिनाच्या आकाराप्रमाणें ७५, ७७ व ८० अशी मर्यादा लागूं झाली. ही परीक्षा जेथें होते त्यांतील एक प्रमुख संस्था पुण्यासच, कोथरूडच्या टेकडीवर आहे. ती १९६६ मध्यें स्थापन झाली. पद्धति तीच, साडेसात मीटरांची. १८ जुलै २००५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें वस्तींत रात्रीं दहा ते सकाळीं सहा भोंगा वाजवूं नये असा आदेश दिला. होअर-बेलिशांच्या नियमाशीं त्याचें साम्य सहज लक्षांत येईल. पालनांतील फरकहि तितकाच सहज.

कोथरूडच्या टेकडीवर उत्तीर्ण झालेली गाडी टेकडी उतरून शहरांत आली कीं पुढें काय होतें हें पुणेकरांस सांगण्याची गरज नाहीं. मद्रासेस १९५५ पासून बांधली जाऊं लागलेली बुलेट ही आपल्या धीम्या ठोक्यासाठीं प्रसिद्ध. तिच्या सायलेन्सरांतील पुंगळी काढली, किंवा बाजारांत उघड मिळणारा दुसरा सायलेन्सर बसविला, कीं ती फटाक्याप्रमाणें कडाडते. कारखान्याची परीक्षा एकदाच होते. पुंगळी काढावयास अर्धा तास पुरतो. २०१९ च्या सुधारणेनें आवाजाच्या मर्यादेच्या उल्लंघनास दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, व तीन महिने परवाना रद्द अशी शिक्षा ठेविली आहे. शिक्षेंत कमी कांहीं नाहीं. पण चौकांतील हवालदारापाशीं मैदान नाहीं, साडेसात मीटरांची मोकळी जागा नाहीं, आणि आजूबाजूच्या शंभर गाड्या कांट्यास एकटी ती फटफटी ऐकूं देत नाहींत. म्हणून तो १९२९ च्या इंग्रज शिपायासारखाच कानानें ओळखतो, वांकून सायलेन्सरच्या तोंडांत पाहतो, आणि पुंगळी नसल्यास गाडी अडवितो. मुंबई, पुणें, नागपूर येथील पोलिसांनीं असे जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोड-रोलर फिरविल्याचीं छायाचित्रें वृत्तपत्रांत अनेकदां आलीं आहेत. यांत मोजमाप नाहीं. ब्रुकलंड्सच्या डब्याप्रमाणें येथेंहि वस्तु पाहून निवाडा होतो, आणि आमच्या मतें रस्त्यावर तोच मार्ग अधिक व्यवहार्य आहे. मात्र ब्रुकलंड्सला मालकास धरलें होतें. येथें रोलरखालीं जातो तो विकत घेतलेला माल. विकणाऱ्या दुकानापर्यंत रोलर क्वचितच पोंचतो.

रस्त्यावर प्रत्यक्ष कांटा उभा करण्याचा एक प्रयोग मुंबईंत झाला, त्याचा उल्लेख करून हा लेख पुरा करतों. मुंबई पोलिसांनीं कांहीं निवडक चौकांत, त्यांत शिवाजी महाराज टर्मिनस, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हिंदमाता व वांद्रें हीं ठिकाणें होतीं, सिग्नलच्या खांबास आवाजमापक जोडला. तांबडा दिवा असतांना भोंग्यांचा गलका ८५ डेसिबलांच्या वर गेला कीं दिव्याचा अवधि पुन्हां पहिल्यापासून सुरू होई, आणि वर फलकावर अक्षरें झळकत कीं अधिक भोंगा वाजवाल तर अधिक थांबाल. जानेवारी २०२० च्या अखेरीस त्याचें चित्रण प्रसिद्ध झालें व तें देशोदेशीं कौतुकानें पाहिलें गेलें. त्या कांट्यास एक गाडी दुसरीपासून निवडतां येत नव्हती. ज्यानें भोंगा वाजविला तो थांबला, आणि ज्यानें वाजविला नाहीं तोहि त्याच्या शेजारीं तितकाच वेळ थांबला.